ताप आहे, पण सर्दी-खोकला नाही? लघवी तपासून घ्या
दोन वर्षांखालच्या बाळाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर पुष्कळदा नुसता तापच दिसतो. जळजळतंय हे ते बिचारं सांगणार कसं? म्हणून डॉक्टरांना लघवीच्या तपासणीबद्दल विचाराच. कल्चरचा (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायच्या तपासणीचा) नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी द्यायचा. नंतर जंतू अनेकदा वाढतच नाहीत आणि निदान हुकतं. शूची जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून मधली निर्जंतुक डबीत धरा. बाळ शू करत नसेल तर गार पाण्यात भिजवलेल्या कापसाने ओटीपोट हलकेच चोळत राहा. लघवी धरायला बाळाला चिकटवायच्या पिशवीतला नमुना कल्चरला नको, त्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.