बर्फाळ जंगलातली गोष्ट लिहायची असेल तर

आपल्या चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यामुळे अलास्का नायतर कॅनडातल्या युकॉनची गोष्ट लिहायला बसलं की पोरं "लय थंडी होती" लिहून मोकळी होतात. तसं नका करू बाप्पा, थंडी माणसाचं काय करते ते दाखवा. युकॉनमधल्या स्नॅगला १९४७ च्या फेब्रुवारीत जवळपास उणे ६३ अंश नोंदलं गेलंय.

पहिले घाम. भरभर चालून आतले कपडे ओले झाले आणि गडी थांबला की तोच ओलावा अंगातली गरमी ओढून घेते, म्हणून जाणता माणूस मेहनतीच्या आधीच एक थर उतरवून ठेवतो, एवढं दाखवलं तरी वाचणाऱ्याला पटते की हा टिकणार.

मग आग. हा सीन घाईत उरकूच नका. हातमोजा काढला की बोटं बधिर, काडी चिमटीत येत नाही, अर्ध्या काड्या बर्फात सांडतात, तो दोन्ही तळहातांमध्ये आगपेटी दाबून धरतो. बर्च झाडाची साल ओलसर असली तरी पेटते, ती वापरू द्या. पण बर्फानं लदलेल्या झाडाखाली आग नको, वरचा बर्फ सुटून आगीवरच पडते.

तहान लागली तर बर्फ वितळवून प्यायचा. नुसत्या सशाच्या मटणावर माणूस खंगतो, चरबी पाहिजेच. आणि हिरोला सगळं आधीच येत असलं तर मजा नाई, तिथले मूळ रहिवासी असलेल्या ग्विचिन लोकांकडून त्याला हळूहळू शिकू द्या.