जिमची फी मुदतीच्या मध्येच कमी करून घ्यायची असेल तर

दिवाळीच्या तोंडावर जिमच्या दारावर फलक लागतो, 'वर्षाचे फक्त १२,०००', आणि जूनमध्ये त्याच दारातून आत जाताना आपण १८,००० मोजलेले असतात. तो फलक पाहून जो संताप येतो, त्या संतापात काउंटरवर जाऊ नका. मी गेले होते. संध्याकाळचे सात, मागे सहा माणसं अंगठा लावायला उभी, आणि मी त्या मुलीशी तावातावाने भांडतेय. एकीला सगळ्यांदेखत सूट दिली की मागच्या सहा जणांनाही द्यावी लागेल, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. खुळी मी होते.

त्यानंतर गेल्या अकरा वर्षांत चार जिममध्ये मी हे काम केलं, स्वतःसाठी आणि नणंदेपासून शेजारणीपर्यंत इतरांसाठीही. कसं करते ते सांगते.

पावती आणि सही केलेला फॉर्म शोधा. त्यावर 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं असणारच, पुढे वाचा.

पैसे कसे भरलेत ते बघा, कारण सगळा डाव त्यावर ठरतो. दरमहा भरत असाल तर तुमचं पारडं जड आहे, पुढच्या महिन्यापासून दर कमी करा म्हणा आणि हा लेख इथेच सोडा. नो-कॉस्ट ईएमआय असेल तर सावध. तिथे तुम्ही जिमचं नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीचं देणं लागता. जिमशी भांडण झालं म्हणून हप्ता थांबवलात, तर जिमचं काहीच बिघडत नाही, तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत, मात्र पडतो. यूपीआयचं ऑटोपे बंद केलं म्हणजे करार संपला, असं समजणारेही भेटतात. संपत नाही. एकरकमी भरले असतील, जसे आपल्याकडे बहुतेक जण भरतात, तर खालचं सगळं तुमच्यासाठी.

पावतीवरचा जीएसटीही बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून जिमवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्याआधी बिल होऊन पूर्ण पैसे भरले असतील तर तो फरक मागत बसू नका, तेव्हाचा दर तेव्हाच लागला. पण त्यानंतरच्या बिलात अजून १८ टक्के लावलेले दिसले तर तिथेच बोट ठेवा. आणि पावतीवर जीएसटी क्रमांकच नसेल, तर कर कसला घेतलात, हे हसतहसत विचारा.

आता हिशेब. १८,००० म्हणजे महिना १,५००. नवा दर महिना १,०००. पाच महिने वापरले, सात उरले. सात गुणिले ५०० म्हणजे ३,५००. हा आकडा कागदावर लिहून न्या.

जायचं दुपारी, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मॅनेजर असताना. जानेवारीत तर अजिबात नाही, तेव्हा नव्या संकल्पांची रांग लागलेली असते आणि तुम्हाला कोणी विचारत नाही.

मी अडखळायचे ती जागा यापुढे आहे, खुर्चीत बसल्यावर. लोक सल्ला देतात, 'सोडून जाईन म्हणा, लगेच वठणीवर येतात.' हा सल्ला देणाऱ्याने एकरकमी फी कधी भरलेली नसते. तुमचे पैसे त्यांच्या गल्ल्यात आहेत. तुम्ही आला नाहीत तर ट्रेडमिल कमी झिजते, पंखा कमी फिरतो. पैसे भरून न येणारा माणूस हा जिमचा सगळ्यात लाडका माणूस असतो, आणि तुम्ही जिमला तसाच माणूस होण्याची धमकी देताय!

त्यांना गरज आहे ती तुमच्या पुढच्या वर्षाच्या फीची, आणि तुम्ही सोबत आणाल त्या माणसाची. बोलायचं त्यावर. मी म्हणते, "सर, पैसे परत नकोत. उरलेल्या सात महिन्यांचा फरक ३,५०० होतो. तो मला जादा दिवसांत द्या, शेवटची तारीख पुढे टाका. मुदत संपली की मला इथेच रिन्यू करायचंय, बहीणही यायचं म्हणतेय." आणि गप्प बसते. हे गप्प बसणं मला तीन वर्षं जमलं नाही. समोरचा क्षणभर थांबला की मीच घाईने म्हणायचे, "बरं, निम्मे तरी द्या." आपणच आपला भाव पाडायचा!

रोख परत देताना त्यांचा जीव जातो, दिवस देताना जात नाही. म्हणून दिवसच मागा. मात्र दिवस कोणत्या दराने, यावर घासाघीस होते. ३,५०० नव्या दराने साडेतीन महिने होतात, जुन्या दराने दोन महिने दहा दिवस. ते जुना दर धरतील. मी साडेतीन मागते आणि अडीचवर सोडते.

'सिस्टीममध्ये होत नाही' हे उत्तर ठरलेलं. पाय मोडलेल्या माणसाची मेंबरशिप फ्रीझ करतात तेव्हा शेवटची तारीख पुढे जाते ना? तशीच टाका म्हणावं. दुसरं उत्तर, 'पर्सनल ट्रेनिंगची चार सेशन फ्री देतो.' घेऊ नका. त्या चार सेशनमध्ये तुमच्या गळ्यात पुढची चोवीस मारली जातात.

तिसरं उत्तर मात्र गोड असतं, आणि मी त्यात एकदा पुरती फसले: 'आजच पुढचं वर्षही भरा, मग याही वर्षाचं कमी करतो.' मी ११,००० भरले. चार महिन्यांत जिमला टाळं लागलं, मालकाचा फोन बंद. चालू वर्षाचे गेले ते गेले, पुढचे आगाऊ दिलेलेही गेले. तेव्हापासून सूट मिळवण्यासाठी मी नवा पैसा टाकत नाही, कितीही लालूच दाखवली तरी.

साफ नाही म्हणाले तर? नव्या माणसाला स्वस्त दिलं, हा काही गुन्हा नाही, त्यावर तक्रार टिकणार नाही. पण पैसे घेताना सांगितलेलं स्टीम बाथ बंद पडलंय, एसी चालत नाही, सकाळची वेळ कमी केलीय, असं काही असेल तर ती सेवेतली त्रुटी. तिथे ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. दोन्ही गोष्टी एका वाक्यात मिसळू नका. स्टीमची तक्रार स्टीमची म्हणूनच करा.

हो म्हणाले तर उठण्याआधी नवी तारीख जुन्या पावतीवर सही-शिक्क्यासकट घ्या, किंवा त्यांच्याच नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या मशीनमध्ये ती चढलीय का, तेही विचारा. माझ्या पावतीवर ऑगस्ट होता, मशीनमध्ये मात्र जूनच राहिला. १ जुलैला पहाटे साडेपाचला मी दाराबाहेर, मशीन लाल दिवा दाखवतंय, आणि मॅनेजर यायचा दहाला.