पॅरालिसिसचा झटका की मेंदूची ऑटोइम्यून सूज: घरच्यांनी काय करायचं

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अचानक अडखळलं की आधी पॅरालिसिसच धरून चाला. ऑटोइम्यून सूज, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटणं, हा प्रश्न नंतरचा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास, आणि ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ कागदावर लिहा. 108 ला फोन करतानाच चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं हॉस्पिटल विचारून घ्या. संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर अडकून पोचायचं आणि तिथून पुन्हा दुसरीकडे धाडायचं, यात मुदत रस्त्यातच संपते. पाणी, चहा काही पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. ॲस्पिरिनही नको; आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा, ती घसरली तरी असंच दिसतं.

ऑटोइम्यून सूज सहसा दिवसांत, आठवड्यांत चढते: विसराळूपणा, झोप उडणं, भलतंसलतं बोलणं, फिट. तरुण मुलीला असं झालं की 'टेन्शन घेतलंय' म्हणत वेळ घालवतात, तेच महागात पडतं. एलजीआय-1 या मेंदूतल्या प्रथिनावर हल्ला होतो त्या प्रकारात चेहरा आणि त्याच बाजूचा हात तीन सेकंदांहून कमी वेळ आखडतो, दिवसातून कितीतरी वेळा. त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढाच, कारण ईईजीत (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या तपासणीत) तो बऱ्याचदा उमटत नाही. सोबत सोडियम उतरलेलं असेल तर संशय पक्का धरा.

दोन्हींचा संबंध मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या सुजेतून किंवा अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीमुळे (प्रतिकारशक्तीनं स्वतःविरुद्धच बनवलेल्या, रक्त गोठायला लावणाऱ्या प्रथिनांमुळे) होणाऱ्या गुठळ्यांतून येतो. चाळिशीत झटका, बीपी-साखर नॉर्मल, एमआरआयवर वेगवेगळ्या वाहिन्यांच्या भागात ताजे-जुने डाग असतील तर न्यूरोलॉजिस्टला रक्तवाहिन्यांची सूज आणि अँटीफॉस्फोलिपिड ही दोन्ही नावं घेऊन विचारा. अँटीफॉस्फोलिपिडची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

ऑटोइम्यून सुजेच्या अँटीबॉडी टेस्टसाठी रक्त आणि पाठीतलं पाणी, दोन्ही पाठवा, तेही आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीची ड्रिप) सुरू होण्याआधी. नाहीतर रक्तदात्यांच्या अँटीबॉडी रिपोर्टमध्ये घुसतात. आयव्हीआयजीचा डोस एकूण किलोमागे 2 ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत. 60 किलोच्या माणसाला रोज 24 ग्रॅम. यानं रक्त दाट होऊन क्वचित गुठळी होते, म्हणून शरीरात पाणी पुरेसं आहे ना ते डॉक्टरांना विचारा आणि ड्रिप चालू असताना हात-पाय, बोलणं यांवर लक्ष ठेवा. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 1 ग्रॅम, तीन ते पाच दिवस देतात. तेव्हा साखर उसळते. पुढे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करू नका, डॉक्टरच त्या हळूहळू उतरवतात.