विकत घेतलेल्या राणीमाशीची पारख: माझा अनुभव

मेलीफेरा या पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीच्या दोन वसाहतींसाठी मी बाहेरून दोन राण्या मागवल्या, तेव्हा त्यांपैकी एक लांबलचक पोटाची आणि दुसरी इतकी बारीक होती की ती परत पाठवावी असे मला वाटले. प्रवासात पिंजऱ्यात असलेली राणी अंडी घालत नाही आणि त्यामुळे तिचे पोट आक्रसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आकारावरून केलेली माझी पारख सपशेल चुकली.

वसाहतींतल्या माश्यांनी दोन्ही राण्या स्वीकारल्यानंतर आठवडाभर मी पेट्या उघडल्या नाहीत. तीन आठवड्यांनी चौकटी तपासल्या असता बारीक राणीच्या पेटीत कोषांचे सलग, सपाट झाकणांचे पट्टे दिसले, म्हणजे कामकरी माश्या नीट निपजत होत्या. शंभर घरांच्या चौकोनात जेमतेम सात-आठ घरे रिकामी होती. देखण्या राणीच्या पेटीत मात्र कामकरी माश्यांच्या घरांवर घुमटासारखी फुगीर झाकणे विखुरलेली होती, म्हणजे तिची अंडी अफलित असून त्यांतून केवळ नर निपजत होते. प्रत्येक घराच्या तळाशी एकेकच अंडे असल्याने आणि राणीही समोर फिरताना दिसल्याने राणी नसताना एका घरात अनेक अंडी घालणाऱ्या कामकरी माश्यांचा संशय मी बाजूला ठेवला.

ती राणी काढून, दोन्हींकडच्या माश्या हळूहळू मिसळाव्यात म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून, उरलेली वसाहत मी शेजारच्या पेटीशी जोडली. बारीक राणीच्या माश्यांच्या स्वभावाविषयी मात्र मी दोन महिने मत बनवले नाही, कारण तोवर पेटीत जुन्या राणीच्याच लेकी वावरत होत्या.