घरातल्या जुन्या कपड्यांची गोधडी: कोणाचं कापड कुठे घालावं

आधी कापडांचे दोन ढीग करा. आजीच्या लुगड्याचा काठ, आजोबांच्या सदऱ्याचा खिसा, बाळाचं झबलं, असं पाहताक्षणी ओळखू येणारं सगळं वरच्या थराला. जुनी धोतरं, विरलेल्या चादरी आत. खिसा किंवा काठ कापून एकसारखे चौकोन करू नका. त्याच खुणांवरून माणूस ओळखायचा असतो.

कापड सुतीच घ्या. नायलॉनच्या साड्या सरकतात, घाम टिपत नाहीत. नव्या कापडाला दोन पाणी द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून शेजारचं जुनं कापड ओढतं. रंगाची शंका असेल तर ओलं पांढरं फडकं दाबून पाहा.

मग प्रत्येक कापड दोन अंगठ्यांत धरून ताणा. फाटलं तर ते आतल्या ढिगात जातं. वरच हवं असेल, तर मागे मलमल लावा आणि टाके भोवतीच्या धड कापडापर्यंत न्या. विरलेल्या भागातच टाके थांबवले, तर कडेला पुन्हा फाटतं.

एका नऊवारीचे सुमारे दोन मीटरचे चार तुकडे होतात. दोन-दोन जोडले की दोघांच्या गोधडीची खालची आणि वरची बाजू तयार. ठिगळं वरच्या बाजूवर मांडायची. एकूण चार-पाच थर पुरेत. त्याहून जाड झालं की सुई तिरकी जाते आणि मागचे टाके वेडेवाकडे पडतात.

थर जमिनीवर ताणून पसरा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, मधून कडेकडे. हे टाळलं की सगळा झोळ मध्ये गोळा होतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. पक्का धावदोरा त्यानंतर, कडेपासून आत, दोन बोटं अंतराच्या ओळींत. जाड सुती दोरा दीड हाताहून लांब नको, गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपवा. प्रत्येक ओळ संपली की गोधडी दोन्ही हातांनी ताणून बघा. दोरा कडक लागला तर सैल करा.

चौघीजणी चार बाजूंना बसल्या की चार हातांचे टाके वेगळे दिसणारच. ते उसवून सारखे करू नका, कोण कुठे बसलं होतं ते त्यावरूनच कळतं. फक्त फार लांब टाके मोडा, जोडवी अडकतात.

नावं आणि साल कोपऱ्यात दोऱ्यानेच भरा, पेनाची शाई धुण्यात जाते. वहीत गोधडीचा आराखडा काढून ठिगळांना आकडे द्या आणि प्रत्येकासमोर कोणाचं, कोणत्या प्रसंगाचं ते लिहा. हे शिवतानाच करा, सांगणारी माणसं तेव्हा समोर असतात.

ओली गोधडी एका दोरीवर टाकू नका, पाण्याच्या वजनाने टाके तुटतात, बाजेवर पसरा. आतले थर पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा.

वरचं ठिगळ विरलं तर काढू नका. त्यावरच नवं बसवा आणि वहीत पुढचा आकडा लिहा.