झोनबदलाची सुनावणी: आधी पोच, मग बाकीचं

शेजारच्या शेतजमिनीचा झोन, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची तो ठरलेला विभाग, बदलून तिथे इमारती येणार, आणि तुम्ही हरकत घ्यायला निघालात, तर आधी माझी फजिती ऐका. मी चौदा पानी हरकत लिहिली होती. नकाशे रंगवले होते. सुनावणीच्या दिवशी दाराशी बसलेल्या कारकुनाने यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुमचं नाव नाही यात." हरकत मुदतीतच दिली होती, पण टेबलावरचा माणूस "ठेवा, साहेब बघतील" म्हणाला आणि मी ठेवून आलो. पोच घेतली नाही. पोच घ्या.

आता क्रमाने. नोटीस पूर्ण वाचा आणि कलम कुठलं ते बघा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम २६ असेल तर अख्खा प्रारूप, म्हणजे कच्चा, विकास आराखडा हरकतींसाठी खुला आहे. कलम ३७ असेल तर मंजूर आराखड्यातला फेरबदल. बहुतेक एकट्यादुकट्या जमिनीचे झोनबदल या ३७ मधून येतात. त्यात हरकतीला नोटिशीच्या तारखेपासून एक महिना मिळतो. नोटीस राजपत्रातही येते आणि वर्तमानपत्रातही. तारखा वेगळ्या दिसल्या तर आधीची धरा, वाद घालत बसू नका. या कलमाखालच्या फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये, अशी अट कायद्यातच आहे. जमीन मोठी असेल तर हा मुद्दा सगळ्यात वर घ्या. चार गुंठ्यांच्या तुकड्यासाठी घेऊ नका, ऐकणारे हसतात.

गट नंबर हिश्शासकट लिहा. सातबारा काढा, भाग नकाशाशी (आराखड्यातल्या तेवढ्या भागाच्या नकाशाशी) ताडून पाहा. हे सांगायला नको, तरी आमच्यातल्या एकाने पलीकडच्याच गटावर हरकत घेतली होती.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर नोटीस दिसली त्याच दिवशी करा. २००५ च्या त्या कायद्यात उत्तराला ३० दिवस असतात आणि तुमच्या हातात महिनाच असतो. आठवडाभर बैठका घेऊन मग अर्ज केलात, तर उत्तर येईल तेव्हा मुदत गेलेली असेल. त्यापेक्षा नोटिशीत कागद पाहण्याची जागा आणि वेळ दिलेली असते, तिथे जा. प्रस्ताव, सर्वसाधारण सभेचा ठराव, नगररचना विभागाचा अभिप्राय, एवढं मागा. अभिप्राय वाचाच. पुष्कळदा तुमची अर्धी हरकत त्यांनीच त्यात लिहून ठेवलेली असते.

मग मुद्दे. "आमची शांतता जाईल", "कसली कसली माणसं येतील", हे खोडून टाका. दुसरं तर बोलूही नये. आपली इमारतही कधीकाळी कुणाच्या तरी शेतातच उभी राहिली आहे, आणि जमिनीचा मालक त्याच दालनात दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो. त्यालाही बोलायचा तितकाच हक्क आहे. आकड्यांवर या. समजा चारशे सदनिका, घरटी पाच माणसं, म्हणजे दोन हजार. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा रूढ निकष. दिवसाला २ लाख ७० हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर. हे पाणी कुठल्या टाकीतून येणार, एवढंच विचारा आणि गप्प बसा. रस्ता टेपने मोजा: आराखड्यात अठरा मीटर काढलेला असतो, जागेवर सहा निघतो, आणि दोन्ही आकडे हरकतीत शेजारी शेजारी आले पाहिजेत. ओढा किंवा नदी जवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषा, जलसंपदा विभागाकडून मिळवा. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं त्याचे तारखेसह फोटो जोडा. उन्हाळ्यातले कोरड्या ओढ्याचे फोटो नकोत. मी तेच जोडले होते.

सह्यांचं पत्र एकच देऊ नका. दोनशे सह्या एका कागदावर घेतल्या की एकच हरकत मोजली जाते आणि सुनावणीचं पत्र पहिल्या नावाला जातं. आमचा पहिला माणूस तेव्हा मुलीकडे गेला होता. प्रत्येक घराची वेगळी हरकत, पूर्ण पत्ता, फोन नंबर, सही. मजकूर शब्दशः सारखा ठेवू नका. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याने पाण्याबद्दल लिहावं.

आणि पोच. दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. चारही. नुसता गोल शिक्का म्हणजे पोच नव्हे, क्रमांक लागतो. ओळखीच्या नगरसेवकाच्या हाती दिली म्हणजे दिली असं होत नाही. ईमेल केला तरी कागद द्या. कारकून म्हणेल, शिक्का मारणारा जेवायला गेलाय, बसून राहा. शेवटच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी खिडकीशी रांग असते आणि रांगेत माणूस शिक्का विसरतो. घरी आल्यावर त्या प्रतीचा फोटो काढून दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

सुनावणीला वेळेआधी जा. पाचेक मिनिटं मिळतील असं धरून तीन मुद्दे ठरवा, बाकीचे "लेखी दिले आहेत" म्हणा. आरडाओरडा करणारा सोबतीला नेऊ नका. पोचेची प्रत मात्र खिशात ठेवा, यादीत नाव नसलं तर तीच दाखवायची.

पुढचं थोडक्यात. निकाल त्या दालनात लागत नाही. प्रस्ताव राज्य शासनाकडे जातो आणि शासन संचालक, नगररचना यांचा सल्ला घेऊन ठरवतं. सुनावणीच्या अहवालाची प्रत मागा, राजपत्रावर नजर ठेवा, वकील लागलाच तर तेव्हा बघा. आणि सुनावणीत ऐन वेळी हातात दिलेले जादा कागद असतात ना, त्यांचीही वेगळी पोच.