विद्यार्थ्यांकडून रेकॉर्डिंग मागवताना: नव्याने ऑनलाइन शिकवणाऱ्यांसाठी

ध्वनिमुद्रणाचा गृहपाठ पहिल्यांदाच देणार असाल तर ‘उत्तर वाचून पाठवा’ असं सांगू नका. मुलं समोर कागद धरतात, आवाज सपाट होतो आणि लेखी उत्तरापेक्षा जास्त काहीच कळत नाही. लिहिताना जे निसटतं, तेच आवाजात मागवा.

मी लोकसाहित्य शिकवते. ओव्यांच्या घटकात घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या बाईकडून जात्यावरची ओवी रेकॉर्ड करायची आणि त्या ओवीबद्दल दोन मिनिटं मुद्द्यांवरून बोलायचं, एवढाच गृहपाठ असतो. एका मुलीच्या फाइलमध्ये आजी बराच वेळ “आता कुठं आठवतंय गं” म्हणत राहते. मुलगी मध्ये बोलत नाही. मग आजी पहिली ओळ गाते, तीच पुन्हा घेते, मध्येच ‘बाई’ घालते आणि मगच पुढे सरकते. छापील संग्रहात ती ओळ एकदाच येते. ओवी गळ्यात कशी चालते हे त्या मुलीला कुठल्याही व्याख्येविना समजलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांच्या पुढाकाराने गावोगावच्या 1 लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्यातल्या कितीतरी ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. गृहपाठाआधी त्यातल्या दोन-तीन वर्गाला जरूर ऐकवा.

साधा मोबाइल पुरतो. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, खोलीत गाद्या-गोधड्या असतील तर उत्तम. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. फाइल एमपी3, मोनो (एकच ध्वनिमार्ग), 64 केबीपीएस (सेकंदाला 64 किलोबिट) ठेवायला सांगा. मिनिटाला साधारण अर्धा एमबी होतो, तर स्टिरिओ डब्ल्यूएव्हीला (आवाज न आकसता साठवणारी फाइल) 10 एमबी. गावाकडच्या विद्यार्थ्याला अपलोड करताना हा फरक फार जाणवतो. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीतला रेकॉर्डर वापरणार असाल तर त्याची वेळमर्यादा आधी तपासा. ती मुळात 2 मिनिटांची असते.

तपासण्याचा हिशेबही आधीच करा. 60 विद्यार्थी, प्रत्येकी 3 मिनिटं, म्हणजे नुसतं ऐकायलाच 3 तास. अभिप्राय मी बोलूनच पाठवते.

गाणाऱ्या बाईची परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, तिच्याच आवाजात हवी. तिने ‘व्हती’ म्हटलं असेल तर लिहून काढतानाही ‘व्हती’च राहू द्यायचं, ‘होती’ केलं की मी गुण कापते. आणि परवानगी नसेल तर फाइल वर्गात लावत नाही, विद्यार्थ्याचं स्वतःचं निवेदन तेवढं तपासते.